शाल-श्रीफळाच्या पुढे : ज्येष्ठ नागरिकांचा सन्मान आणि त्यांचे हक्क

दरवर्षी १ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १४ डिसेंबर १९९० रोजी हा दिवस ठरवला. आपल्याकडे त्या दिवशी गावोगावी, शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांत कार्यक्रम होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ दिला जातो, दोन चांगले शब्द बोलले जातात. हे व्हायलाच हवे. पण त्याच सभागृहात मागच्या खुर्चीवर बसलेल्या एखाद्या आजींचे पेन्शन चार महिन्यांपासून बंद असते. एखाद्या आजोबांना कानाचे यंत्र नसल्यामुळे आपल्याबद्दल काय बोलले जात आहे तेच ऐकू येत नाही.

ज्येष्ठांनी समाजासाठी काय केले, याची नोंद बहुतेक वेळा कोणत्याही कागदावर नसते. शेतमजुरी, बांधकाम, घरकाम, विडी वळणे, हातमाग, मासेमारी यांत आयुष्य गेलेल्यांना नोकरीचे निवृत्तिवेतन मिळत नाही. घर सांभाळून मुले वाढवलेल्या बाईच्या कामाचा तर पगारही नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील सुमारे १०.३८ कोटी लोक होते आणि त्यांतील ७ कोटींहून अधिक खेड्यांत राहत होते. त्यांच्या कष्टांची परतफेड करण्याचा मार्ग म्हणून काही योजना आणि एक कायदा आहे. या लेखात त्यांचा लाभ कसा घ्यावा, अर्ज कुठे अडतो आणि अडल्यावर काय करावे, हे सांगितले आहे.

थोडक्यात

- दरमहा पेन्शन : इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आणि तुमच्या राज्याची योजना
- उपचार : ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड
- काठी, चष्मा, कानाचे यंत्र, कवळी, चाकाची खुर्ची : राष्ट्रीय वयोश्री योजना
- मुले सांभाळत नसतील तर : २००७ चा चरितार्थ कायदा
- सल्ला, मदत, तक्रार : एल्डरलाइन, टोल फ्री क्रमांक १४५६७
- राष्ट्रीय पातळीवरील गौरव : वयोश्रेष्ठ सन्मान

आधी एक गैरसमज दूर करू

“सरकारकडे हात कशाला पसरायचा?” असे म्हणून अनेक ज्येष्ठ अर्जच करत नाहीत. काही घरांत मुलांनाच संकोच वाटतो. लोक म्हणतील, “मुलगा असून आईला पेन्शन लागते.”

भारतीय राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये म्हातारपण, आजारपण आणि बेकारी अशा काळात राज्याने आपल्या आर्थिक ताकदीनुसार सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. याच आधारावर १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय धोरण आले. त्यामुळे पात्र व्यक्तीने अर्ज करण्यात कमीपणा नाही. रेशन दुकानातून धान्य घेताना किंवा मतदान करताना आपण जसे हक्काने जातो, तसेच इथेही जावे.

१. दरमहा पेन्शन

इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील ६० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी आहे. केंद्र सरकारचा वाटा असा असतो :

- वय ६० ते ७९ : दरमहा २०० रुपये
- वय ८० आणि पुढे : दरमहा ५०० रुपये

ही रक्कम थोडी आहे. म्हणून बहुतेक राज्ये त्यात आपली भर घालतात आणि प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम राज्याप्रमाणे बदलते. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यासाठी वय ६५ लागते आणि २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगण येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्या त्या राज्याच्या योजनेत अर्ज करायचा असतो. वय, उत्पन्नाची मर्यादा आणि किती वर्षांचे वास्तव्य हवे, हे त्या राज्याचे नियम ठरवतात.

*अर्ज कुठे करावा?* गावात ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालय, शहरात नगरपालिका, महानगरपालिका किंवा समाजकल्याण कार्यालय. बऱ्याच राज्यांत सामायिक सेवा केंद्रातूनही अर्ज भरता येतो. अर्ज दिल्यावर पोचपावती जरूर घ्यावी. पुढे काही अडले तर हीच पावती कामाला येते.

*चालू असलेले पेन्शन अचानक थांबले तर?* पुढील तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

पहिली, हयातीचा दाखला. वर्षातून एकदा लाभार्थी हयात असल्याची पडताळणी होते. ती राहून गेली तर पैसे थांबतात. दुसरी, बँक खाते. आधारवर आधारित रक्कम, ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडले गेले त्या खात्यात जाते. मुलाने किंवा बचत गटाने मध्येच दुसरे खाते उघडून दिले असेल, तर पेन्शन “बंद” नसते, दुसऱ्या खात्यात साठत असते. बँकेत जाऊन “माझे आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे?” एवढे विचारावे. तिसरी, नावातला फरक. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे, असे असेल तर पडताळणी अडते. लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव यामुळे स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त घडते.

२. आजारपणासाठी : आयुष्मान वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ७० वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना सामावून घेतले आहे. यात उत्पन्नाची अट नाही. गरीब, मध्यमवर्गीय, शेतकरी, निवृत्त शिक्षक, कोणीही चालते.

- कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मोफत मिळतात.
- घरात ७० च्या पुढच्या दोन व्यक्ती असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते.
- कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत असेल, तर ७० च्या पुढच्यांसाठी वेगळे ५ लाख मिळतात. घरातील इतरांना ते वापरता येत नाहीत.
- आधीपासून असलेल्या आजारांवरही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात.
- केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असेल, तर तो ठेवूनही हे कार्ड घेता येते.

कार्ड आयुष्मान ॲपवर, सामायिक सेवा केंद्रात किंवा योजनेतील रुग्णालयात निघते. त्यासाठी आधार लागते. वय आधारवरूनच मोजले जाते, म्हणून आधारवरील जन्मतारीख आजच पाहून ठेवावी. अनेक ज्येष्ठांची जन्मतारीख अंदाजाने नोंदवलेली असते. ७३ वर्षांच्या आजी आधारवर ६८ वर्षांच्या असतील, तर त्यांना कार्ड मिळणार नाही. जन्मतारखेची दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते. म्हणून योग्य पुरावा हातात घेऊनच आधार केंद्रात जावे.

ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे त्यात धरली जातात. रोजच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचा खर्च यात येत नाही. त्यासाठी सरकारी दवाखाना किंवा जनऔषधी केंद्र पाहावे. माहितीसाठी १४५५५ वर फोन करावा. कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवणे सर्वांत चांगले.

३. काठी, चष्मा, कानाचे यंत्र : राष्ट्रीय वयोश्री योजना

ऐकू येईनासे झाले की माणूस बोलण्यातून बाजूला पडतो. दात गेले की जेवण कमी होते. गुडघे धरले की देवळापर्यंत जाणेही सुटते. १ एप्रिल २०१७ पासून सुरू असलेल्या या योजनेत ६० वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपेक्षा जास्त नसलेल्या ज्येष्ठांना गरजेप्रमाणे साधने मोफत दिली जातात. त्यात चालण्याची काठी, कुबड्या, वॉकर, तीन किंवा चार पायांची काठी, कानाचे यंत्र, चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची यांचा समावेश आहे. एकाच व्यक्तीला एकाहून अधिक गोष्टींची गरज असेल, तर तशी साधने दिली जातात.

साधने शिबिरांतून मिळतात. आधी तपासणी शिबिर होते, त्यात मोजमाप आणि नोंदणी केली जाते, नंतर वाटप होते. वाटपाच्या दिवशी थेट गेल्यास साधन मिळेलच असे नाही, तपासणीला नाव लागलेले असावे लागते. पुढचे शिबिर कधी आहे, हे जिल्हा समाजकल्याण कार्यालयात किंवा १४५६७ वर विचारावे.

४. मुले सांभाळत नसतील तर

हा विषय बोलायला सर्वांत अवघड असतो. घरातले भांडण चव्हाट्यावर नको, म्हणून कितीतरी आईवडील उपाशी राहतात, पण तक्रार करत नाहीत. त्यांच्यासाठी संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ केला. या कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न केला जातो आणि शिक्षेची वेळ त्यानंतरच येते, हे लक्षात घ्यावे.

*कोण अर्ज करू शकते?* स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून चरितार्थ चालवू न शकणारे आई-वडील, मग ते जन्मदाते, दत्तक किंवा सावत्र असोत. आई-वडिलांना ६० वर्षांची अट नाही. मूल नसलेले ज्येष्ठ नागरिक, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्याच्याविरुद्ध अर्ज करू शकतात. स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.

*कोणाविरुद्ध?* सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात. मुलीचे लग्न झाले म्हणून तिची जबाबदारी संपत नाही.

*कुठे?* उपविभागीय अधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे. तुम्ही जिथे राहता किंवा आधी राहत होता, तिथे अर्ज करता येतो. मुले जिथे राहतात त्या जिल्ह्यातही करता येतो. म्हणजे गावी राहणाऱ्या आईला पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या मुलासाठी तिकडे जाण्याची गरज नाही.

*वकील लागतो का?* नाही. अर्ज साध्या भाषेत लिहिता येतो. जिल्ह्यातील समाजकल्याण अधिकारी किंवा नेमलेले चरितार्थ अधिकारी ज्येष्ठांची बाजू मांडू शकतात.

*किती दिवस लागतात?* समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. अपवाद म्हणून आणखी ३० दिवस वाढवता येतात. दरम्यानच्या काळासाठी अंतरिम रक्कमही मागता येते.

*किती रक्कम मिळू शकते?* मूळ कायद्यानुसार राज्य सरकारने ठरवलेल्या मर्यादेत, दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये. चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात.

*आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर?* न्यायाधिकरण वसुलीचे वॉरंट काढू शकते आणि एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, कैदही होऊ शकते. मात्र थकलेली रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तसा अर्ज करावा लागतो. “पुढच्या महिन्यात देईल” म्हणत वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते. ज्येष्ठ व्यक्तीला सोडून देणे हा कलम २४ खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घर किंवा जमीन नावावर करून देण्यापूर्वी

समजा, एका आजोबांनी राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करून दिले. दोन वर्षांनी मुलगा म्हणाला, “आता तुमची सोय तुम्ही बघा.” अशा वेळी कलम २३ उपयोगी पडते. मालमत्ता देताना “देणाऱ्याच्या मूलभूत गरजा आणि सुविधा पुरवाव्यात” अशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

यात अट फार महत्त्वाची आहे. दस्तात ती नसेल, तर पुढे ती सिद्ध करताना मोठी दमछाक होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईच्या बाजूने निकाल दिला. तिने मुलाला मालमत्ता बक्षीस दिली होती आणि सांभाळण्याचे वचन लेखी घेतले होते. ते बक्षीसपत्र रद्द झाले आणि मालमत्तेचा ताबा तिला परत देण्याचा आदेश झाला. ज्येष्ठांच्या हिताच्या कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे न्यायालयाने सांगितले.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हयातीत मालमत्ता देण्याची घाई करू नये. मृत्युपत्र केले तर मालमत्ता हयातभर आपल्याच नावावर राहते आणि ते बदलताही येते. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. आणि न वाचता, न समजून घेता कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

५. एक फोन : १४५६७

एल्डरलाइन ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशभरासाठी सुरू झाली. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत १४५६७ वर मोफत फोन करता येतो. पेन्शन, योजना, वृद्धाश्रम यांची माहिती, कायद्याबाबत मार्गदर्शन, एकटेपणात बोलायला कोणी आणि छळ होत असेल तर प्रत्यक्ष मदत यासाठी ही सेवा आहे. रस्त्यावर निराधार ज्येष्ठ दिसले तर शेजारी, दुकानदार, विद्यार्थी, कोणीही फोन करू शकते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावावा.

६. गौरवासाठी : वयोश्रेष्ठ सन्मान

सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने २००५ मध्ये सुरू केलेल्या वयोश्रेष्ठ सन्मानाला २०१३ पासून राष्ट्रीय पुरस्काराचा दर्जा आहे. कला, क्रीडा, धाडस, आजीवन कार्य यांबरोबरच कठीण परिस्थितीत मुलांना घडवणाऱ्या मातेसाठीही त्यात वेगळा गट आहे. ज्येष्ठांसाठी चांगले काम करणाऱ्या पंचायती, नागरी संस्था आणि स्वयंसेवी संस्थांनाही तो मिळू शकतो. मंत्रालय जाहीर सूचना देऊन नामांकने मागवते. तुमच्या गावात आयुष्यभर सुईणीचे काम केलेली, शाळेसाठी जमीन दिलेली किंवा लोककला जपलेली व्यक्ती असेल, तर तिच्या कामाचे फोटो, कात्रणे, प्रमाणपत्रे आत्तापासून एकत्र करून ठेवावीत.

एका पिशवीत ठेवावीत अशी कागदपत्रे

- आधार कार्ड (मोबाइल क्रमांक जोडलेला)
- बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक
- रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र
- वयाचा पुरावा. शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला नसेल, तर मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालेल का, हे कार्यालयात विचारावे
- उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- सर्व अर्जांच्या पोचपावत्या

मूळ कागद कोणालाही ठेवायला देऊ नयेत, प्रत द्यावी. ओटीपी आणि पिन फोनवर सांगू नये. “पेन्शन वाढवून देतो” म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नयेत.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*मुलगा कमावता आहे, तरी आईला पेन्शन मिळेल का?* राज्याच्या उत्पन्न मर्यादेवर ते अवलंबून आहे. तोंडी नकारावर थांबू नका. अर्ज द्या आणि नाकारल्यास कारण लेखी मागा.

*बोटांचे ठसे उमटत नाहीत, काय करावे?* कष्टाच्या कामाने आणि वयाने ठसे पुसट होतात. बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून पडताळणी करण्याची विनंती करावी आणि आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे.

*मुलांविरुद्ध अर्ज केला आणि नंतर समेट झाला तर?* काही अडचण नाही. न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते आणि तिथे ठरलेली बोलणी आदेशात नोंदवली जातात.

या १ ऑक्टोबरला काय करता येईल?

आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, अनेक राज्यांत गांधी जयंतीची ग्रामसभा असते. १ तारखेला सत्कार करताना एक वही सोबत ठेवावी. गावातील ६० वर्षांवरील प्रत्येकाचे नाव लिहावे आणि त्यापुढे चार खुणा कराव्यात : पेन्शन मिळते का, वय वंदना कार्ड आहे का, काठी किंवा कानाच्या यंत्राची गरज आहे का, घरी एकटे राहतात का. दुसऱ्या दिवशी ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि राहिलेल्या नावांवर ठराव घ्यावा. शहरात हेच काम ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गृहनिर्माण सोसायटी करू शकते.

तुमच्या घरात ज्येष्ठ असतील, तर आज त्यांचे आधार, पासबुक आणि हयातीचा दाखला एवढे तीन कागद त्यांच्याजवळ बसून तपासा. मोबाइलमध्ये १४५६७ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत साठवून द्या आणि तो कसा लावायचा हे एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या.